‘उद्या नक्की येतो!’

मराठी विभागासाठी लेख दे, असा निरोप आला तेव्हा मी आधी हसले. माझी शाळा कॉन्व्हेंट. मराठी होती, पण ‘लोअर’, आणि तीही बाई रागावतील म्हणून केलेली. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. पण एक विषय असा आहे की त्यावर माझी व्हायवा घेतली तर एक्स्टर्नलच गप्प बसेल! तो विषय म्हणजे आपल्या जुन्या वस्तू विकताना ‘येतो’ म्हणून न येणारं गिऱ्हाईक.

मे २०२५ पासून मी एक कूलर, एक मिनी ड्राफ्टर, दोन कॅल्क्युलेटर, एक गादी, सेकंड इयरची पुस्तकं आणि शेवटी माझ्या मावशीची स्कूटर विकली. स्कूटर सोडली तर बाकी सगळ्यात मिळून माझं हजार-दीड हजाराचं नुकसान झालं असेल. स्कूटरच्या बाबतीत मात्र मावशी चांगलीच गोत्यात आली असती, आणि तेही माझ्यामुळे. म्हणून सुरुवात गमतीची वाटली तरी शेवटपर्यंत वाचा.

कूलरपासून सुरू करते. आमच्या रूममधला कूलर मी एका पासआऊट होणाऱ्या ताईकडून घेतला होता. एक उन्हाळा वापरला, पंप बदलला, आणि दुसऱ्या उन्हाळ्यात विकायला काढला. हॉस्टेलच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकला, किंमत अठराशे. दहा मिनिटांत एका ज्युनिअरचा मेसेज आला : ‘ताई माझ्यासाठी ठेव ना प्लीज, उद्या येऊन नेते.’ सतराशेला ठरलं. मी लगेच ग्रुपवर ‘सोल्ड’ लिहून टाकलं. त्यानंतर तिघींनी विचारलं, तिघींना मी अगदी अभिमानाने सांगितलं, ‘अगं गेला तो.’

उद्या ती आली नाही. परवा तिचं सबमिशन होतं. तेरवा तिची रूममेट गावाला गेली होती, त्यामुळे उचलायला कोणी नव्हतं. मी आपली वाट बघतेय! आणि त्या वर्षी पाऊस कधी आला आठवतंय ना? मान्सून मुंबईत साधारण ११ जूनला पोचतो, २०२५ मध्ये २६ मेलाच पोचला. पुण्यात तर त्याच्या आधीपासूनच वळवाने धुमाकूळ घातला होता. गच्चीवरचे कपडे वाळेनात, तिथे कूलर कोणाला हवाय? कूलर ही अशी वस्तू आहे की तिची किंमत पहिल्या सरीबरोबर निम्मी होते. ज्युनिअरचा मेसेज आला : ‘सॉरी ताई, आता नको.’ आधीच्या तिघींनाही नको होता. शेवटी मेसच्या मावशींनी नऊशेला नेला, पुढच्या वर्षीसाठी.

मला त्या मुलीचा खूप राग आला होता. नंतर शांतपणे विचार केला तेव्हा लक्षात आलं, की ती काही लबाड नव्हती. ‘ठेव’ म्हणायला तिला काहीच पडलं नव्हतं. मला मात्र तो कूलर ‘ठेवायला’ तीन गिऱ्हाइकं आणि आठशे रुपये पडले. म्हणजे सौदा ठरला असं आम्ही दोघी म्हणत होतो, पण बांधली गेले होते फक्त मी. मेकॅनिकलच्या भाषेत सांगायचं तर एक टोक फिक्स्ड आणि दुसरं फ्री, मग लोड आल्यावर वाकणार कोण?

तेव्हापासून माझा एकच नियम आहे. शब्द फुकट असेल तर तो शब्द धरायचा नाही. समोरच्याचं थोडं तरी काहीतरी अडकलेलं असलं पाहिजे.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. माझे आजोबा बाजारात बैल बघायला जायचे तेव्हा पसंत पडल्यावर विसार द्यायचे. रक्कम छोटीच, पण ती दिली की बैल ‘आपला’, आणि मालकाने दुसऱ्याशी बोलायचं नाही. आपण त्याला टोकन म्हणतो. पुढे मी ड्राफ्टर विकायला काढला तेव्हा स्पष्ट लिहिलं : ‘पन्नास रुपये टोकन, शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत ठेवेन, नाही आलात तर टोकन परत नाही आणि ड्राफ्टर पुढच्याला.’ पन्नास रुपये म्हणजे कँटीनमधला एक नाश्ता! पण गंमत बघा, ‘ठेव ना’ म्हणणाऱ्या चौघांपैकी तिघे पन्नास रुपये ऐकून गायब झाले. चौथा शुक्रवारीच आला. त्या तिघांना मी आधीच्या पद्धतीने किती दिवस सांभाळत बसले असते, कोण जाणे.

यात तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. मुदत म्हणजे दिवस आणि वेळ दोन्ही पाहिजे, नुसतं ‘या आठवड्यात’ नको. अटी पैसे घेण्याआधी लिहून पाठवायच्या, घेतल्यावर नाही, नाहीतर आपणच फसवल्यासारखं होतं. आणि वस्तू प्रत्यक्ष हातातून जाईपर्यंत ‘सोल्ड’ लिहायचं नाही. बाकीच्यांना सांगायचं, ‘एकाने टोकन दिलंय, शनिवारी कळेल, तुझा नंबर दुसरा.’ खरं तेच सांगायचं. दुसरा नंबर असलेली मुलगी शनिवारी सहा वाजून पाच मिनिटांनी फोन करते, हा माझा अनुभव आहे.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. गिऱ्हाईक शेवटच्या क्षणी मागे हटतं याचं एक कारण आपण स्वतः असतो. जॉर्ज अकरलॉफ नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध लिहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : गाडीत काय खोट आहे हे विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. म्हणून घेणारा प्रत्येक गाडीकडे खराब असल्यासारखंच बघतो आणि भाव पाडतो. मग चांगल्या गाडीचा मालक त्या भावात विकतच नाही, आणि बाजारात खराब गाड्याच उरतात. या कामासाठी त्याला २००१ मध्ये आणखी दोघांबरोबर नोबेल मिळालं. मला हे वाचून गादी आठवली. गादीचा फोटो मी चांगल्या बाजूने काढला होता. दोघीजणी आल्या, गादी उलटून बघितली, शाईचा डाग दिसला आणि ‘विचार करून सांगते’ म्हणून गेल्या त्या गेल्याच. तिसऱ्यांदा मी डागाचाच फोटो आधी टाकला, किंमत शंभराने कमी केली. जी आली ती पैसे घेऊनच आली. डाग बघून तिने घासाघीससुद्धा केली नाही, कारण त्या डागासकट तिने आधीच हो म्हटलं होतं.

दारात येऊन भाव पाडणारे मात्र वेगळे. हे वेळेवर येतात, हसून बोलतात, वस्तू उचलतात आणि मग खिशात हात घालून म्हणतात, ‘अरेच्चा, माझ्याकडे सहाशेच आहेत!’ ठरलेले असतात आठशे. पहिल्यांदा मी ऐकलं. संकोच वाटला, इतक्या लांबून आलाय बिचारा वगैरे. आता मी सांगते, ‘हरकत नाही, राहू दे, दुसरीला फोन करते.’ दोनशे रुपये बहुतेक वेळा दुसऱ्या खिशात सापडतात! पण हे बोलायला दुसरी खरंच असावी लागते, म्हणून वरची नंबरांची यादी.

उधारीबद्दल फार लिहीत नाही. ज्युनिअरला कॅल्क्युलेटर ‘महिन्याच्या एक तारखेला देते ताई’ या बोलीवर दिला. त्या एक तारखा किती आल्या आणि गेल्या, ते मोजायचं मी सोडलं. वस्तुविक्रीचा आपला कायदा १९३० चा आहे. त्यात मूळ नियमच असा आहे, की वेगळं काही ठरलं नसेल तर पैसे आणि वस्तू एकाच वेळी हातबदल व्हायचे. या हाताने घे, त्या हाताने दे. उधारीचं वेगळं ठरवणारे आपणच शहाणे असतो.

आणि हो, सगळ्यांत विश्वासू गिऱ्हाईक कोण, तर भंगारवाला! सांगितलेल्या वेळेला येतो, वजन करतो, रोख देतो, जातो. ‘घरी विचारून सांगतो’ नाही की ‘लास्ट किती?’ नाही. पुस्तकांसाठी अप्पा बळवंत चौक. तिथे भाव कमी मिळतो खरा, पण त्याच दिवशी मिळतो. मी कुठलीही वस्तू विकायच्या आधी आता हा भाव विचारून ठेवते. एखाद्या पुस्तकाचे दुकानात ऐंशी येत असतील आणि मुलगा शंभर देतो म्हणून चार दिवस फिरवत असेल, तर ते चार दिवस मी वीस रुपयांना विकतेय एवढं तरी कळतं.

आता फसवणाऱ्यांबद्दल. हे न येणाऱ्यांपेक्षा फार वेगळे, उलट यांना प्रचंड घाई असते. गादीसाठी मला एक फोन आला. मी मागितलेली किंमत लगेच मान्य, वस्तू बघायची गरज नाही, ‘मी आर्मीत आहे, पोस्टिंग बाहेर आहे, माझा माणूस टेम्पो घेऊन येईल.’ साडेसहाशेच्या जुन्या गादीसाठी टेम्पो! मग त्याने एक क्यूआर कोड पाठवला आणि म्हणाला, ‘मॅडम, हा स्कॅन करा आणि पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात येतील.’ मी पिन टाकला नाही, पण खोटं कशाला बोलू, कोड स्कॅन केला होता. स्क्रीनवर ‘पे’ लिहिलेलं दिसलं म्हणून वाचले. यूपीआयचा पिन पैसे पाठवायला लागतो. घ्यायला पिन लागत नाही आणि स्कॅनही लागत नाही. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे पैशाची मागणी पाठवायची सोय होती, ती १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली गेली, पण क्यूआरची युक्ती चालूच आहे.

दुसरी युक्ती म्हणजे पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट. तो बनवता येतो. पैसे आल्याचा एसएमएससुद्धा बनवता येतो. आपल्या बँकेच्या ॲपमध्ये जाऊन रक्कम जमा दिसली तरच वस्तू द्यायची, मग समोरचा कितीही ओळखीचा असो. आणि ‘चुकून जास्त गेले, वरचे परत पाठवा’ असं कोणी म्हणालं तर आधी मुळात काही आलंय का ते बघायचं. पैसे गेलेच तर लाज न बाळगता लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करायचा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या-पुढच्या खात्यांत पळतात. कायदा १९३० चा आणि हेल्पलाइनही १९३०, त्यामुळे मला दोन्ही एकदमच पाठ झाले!

मुलींसाठी एक वाक्य. रूमवर कोणालाही बोलवायचं नाही. गेटवर, सिक्युरिटीच्या काकांसमोर, दिवसा, आणि एक मैत्रीण बरोबर. रात्री अकराला ‘भेटूनच बोलू’ असे मेसेज करणाऱ्याला वस्तू नकोच असते.

आता स्कूटर.

मावशीची स्कूटर २०१२ ची. कोथरूड ते तिची शाळा (ती शिक्षिका होती) आणि परत, तेरा वर्षं. गुडघे दुखायला लागल्यापासून स्कूटर पार्किंगमध्ये उभी होती. माझा लॅपटॉप थर्ड इयरच्या तोंडावर बंद पडला तेव्हा मावशी म्हणाली, ‘तूच वीक ती, आणि येतील ते पैसे लॅपटॉपला घाल.’ म्हणजे सौदा माझा, पैसे माझ्या कामाला, पण गाडी तिच्या नावावर. हे नीट लक्षात ठेवा.

मी तोपर्यंत स्वतःला एक्स्पर्ट समजायला लागले होते. टोकन घेतलं, मुदत दिली. चक्कर मारायला गाडी दिली ती सुद्धा त्याच्या बाइकची किल्ली आणि त्याचा मित्र इथे बसवून. जुलैमध्ये अठरा हजारांना सौदा झाला, पैसे खात्यात आलेले बघूनच किल्ली दिली. सगळं अगदी पुस्तकात लिहिल्यासारखं! मावशीने फॉर्म २९ आणि फॉर्म ३० वर सह्या केल्या. तो म्हणाला, ‘काकू, तुम्ही कशाला आरटीओत हेलपाटे घालता, मी करतो ना आठ दिवसांत.’ आणि मी सगळे कागद, सह्या केलेल्या सगळ्या प्रतींसकट, त्याच्या हातात दिले. एकच कागद काकांनी हट्टाने करून घेतला. ताबा पावती. गाडीचा नंबर, तारीख, वेळ, त्याची सही, लायसन्सची झेरॉक्स. मला तेव्हा वाटलं, काका उगाच बँकेतली सवय दाखवतायत.

ऑगस्टमध्ये मावशीच्या मोबाईलवर चलन आलं. विनाहेल्मेट. दहा दिवसांनी दुसरं, सिग्नल तोडल्याचं. फोटोत मागे बसलेल्याच्या मांडीवर सिलिंडर होता. मावशीने आयुष्यात कधी पावती फाडली नव्हती, ती दोन दिवस नीट जेवली नाही. त्याला फोन केला तर ‘हो मॅडम, याच आठवड्यात.’ पुढच्या आठवड्यातही ‘याच आठवड्यात.’

तेव्हा मी नियम वाचायला बसले, जे मी आधी वाचायला हवे होते. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५०. राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं, घेणाऱ्याने तीस दिवसांत. म्हणजे कळवायची जबाबदारी आपलीही असते, ‘तो करेल’ म्हणून सुटका नाही. फॉर्म २९ म्हणजे तीच आपली खबर. आणि ती मी त्यालाच देऊन बसले होते!

चलनाचं एक वेळ सोडा. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात निकाल दिला. त्यातली गाडी एकाकडून दुसऱ्याकडे अशी बऱ्याच जणांना विकली गेली होती, पण नोंदणी पहिल्याच मालकाच्या नावावर राहिली. अपघात झाला तेव्हा गाडीचा विमा नव्हता. कोर्टाने सांगितलं, नोंदणी ज्याच्या नावावर तोच कायद्याने मालक, नुकसानभरपाईची जबाबदारी त्याची. हे मी रात्री वाचलं आणि मला मावशीला फोन करायचं धैर्य होईना. कुठूनही अनोळखी नंबरवरून फोन आला की ती दचकायची, हे काकांनी मला नंतर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी काका आणि मी संगम ब्रिजजवळच्या आरटीओत गेलो. ताबा पावतीची प्रत जोडून नव्याने फॉर्म २९ दिला, पोच घेतली. उशिरा का होईना, गाडी अमुक तारखेपासून आमच्याकडे नाही हे कागदावर आलं. पण नाव तिथेच. नाव बदलायला तो लागणार, आणि त्याला काही घाई नव्हती. का असावी? गाडी त्याच्याकडे, चावी त्याच्याकडे, चलन दुसऱ्याच्या फोनवर. कूलरवाल्या मुलीचंच हे मोठं रूप होतं. माझं सगळं देऊन झालं होतं आणि त्याचं काहीच अडकलं नव्हतं.

पुढे ऑक्टोबरमध्ये गाडीचा विमा संपत आला. त्याला पॉलिसी स्वतःच्या नावाने हवी होती आणि गाडी मावशीच्या नावावर. मग त्याचाच फोन आला, अगदी गोड आवाजात, ‘मॅडम, ते ट्रान्स्फरचं जरा लवकर करायला पाहिजे हो!’ तीन महिने न झालेलं काम मग भराभर पुढे सरकलं. आधीची दोन्ही चलनंसुद्धा त्यानेच भरली, फारशी कुरकुर न करता.

आता कोणी मला गाडी विकण्याबद्दल विचारलं तर मी असं सांगते. एकतर त्याच्याबरोबर स्वतः आरटीओत जा. ते जमत नसेल तर ठरलेल्या किमतीवर दोन-तीन हजार जास्त घ्या, आणि पावतीवर लिहून द्या की नाव बदललेलं दिसलं की ते परत. म्हणजे मग घाई त्याला होईल. फॉर्म २९ ची प्रत स्वतःकडे ठेवा आणि चौदा दिवसांच्या आत स्वतःच पोचती करा. ताबा पावतीवर तारखेबरोबर वेळही घाला, कारण चलनावर वेळ असते. आणि गाडी ज्याच्या नावावर आहे त्याला हे सगळं आधी समजावून सांगा, मी सांगितलं नव्हतं तसं नको.

परिवहनच्या साईटवर गाडीचा नंबर टाकला की मालकाचं नाव दिसतं, मधली अक्षरं तारकांनी झाकलेली. मावशीला मी ते उघडायला शिकवलं होतं आणि ती रोज सकाळी चहाबरोबर बघायची. दिवाळीनंतरच्या एका सकाळी तिचा फोन आला. पहिलं अक्षर बदललं होतं. ‘गेली गं बाई एकदाची,’ म्हणाली. मग जरा वेळ काहीच बोलली नाही. मी हॅलो हॅलो केलं, तर म्हणाली, ‘अगं, काही नाही. डिकीत माझा रेनकोट राहिला बहुतेक.’